केरीसाहेबांचा संसार

डॉ. विल्यम केरी यांचे नाव ज्या मंडळीत कधी ऐकू आले नाही अशी मंडळी आपल्या लोकांत क्वचितच सापडेल. जोडे शिवून पोट भरणारा एक इंग्रज तरुण पुढे थोर पंडित झाला, बंगालमधील श्रीरामपूर येथे राहून त्याने पवित्र शास्त्राची अनेक देशी भाषांत भाषांतरे केली व करविली, हे शब्बाथ शाळेतील मुलेसुद्धा सांगू शकतील. (हे श्रीरामपूर हुगळी नदीच्या काठचे, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे.) मराठीवरही त्यांचे उपकार थोडे नाहीत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली व मराठी कोश १८१० साली छापून निघाला, आणि मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला.

परंतु या थोर पुरुषाच्या संसाराची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. चरित्र सांगणारे त्या ठिकाणी येताच भरभर पाने उलटतात. आम्हांस असे वाटते की, ही हकीकत झाकून ठेवण्याजोगी नसून शिकण्याजोगी आहे. केरींनी तीन वेळा लग्न केले, आणि तीनही संसार एकमेकांपासून अगदी निराळे होते. नवराबायकोचे कशाने जमते, कशाने जमत नाही, आणि जे जमते ते कशाने टिकते, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे असतो. त्याचा विचार करण्यास या तीन संसारांसारखे उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते. पुढे ते गावातील शाळेचे मास्तर झाले. मुलाला उन्हातले काम सोसेना, म्हणून त्यास जोडे शिवण्याच्या धंद्यात घातले. ज्या कारागिराकडे ते काम करीत त्यांची मेहुणी डॉरथी प्लॅकेट हिच्याशी १० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या देवळात त्यांचा विवाह झाला. वराला अद्याप विसावे वर्ष पुरे झाले नव्हते. वधू पंचवीस वर्षांची होती. डॉरथीबाईंना लिहिता येत नसल्यामुळे विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी सहीच्या जागी फुलीची खूण केली.

बाहेरून पाहणाऱ्यास हा जोडा अगदी जुळता दिसला असेल. परगणा एक, परिस्थिती एक, बोली एक, घरे ओळखीची. आपल्याकडील वडील माणसे सोयरीक जमविताना जे जे पाहतात ते ते सर्व येथे होते. मात्र एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. त्या तरुणाच्या आरीजवळ पुस्तक पडलेले असे. हाताने जोडे शिवीत असता तो लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषांचे पाठ करी. त्याचे मन दिवसेंदिवस दूरदूरच्या देशांकडे धाव घेऊ लागले, आणि त्याची पत्नी चूल, पाळणा व उधारी यांच्या चिंतेत बुडून राहिली. पहिली मुलगी अ‍ॅन दोन वर्षांची होऊन तापाने वारली. पुढे मोल्टन येथे व नंतर लेस्टर येथे केरी पाळक झाले. परंतु त्या पगारात पोट भरेना, म्हणून शाळा चालवावी व जोडेही शिवावे असा क्रम चालला. लेस्टर येथे आणखी एक मुलगी, ल्युसी, वारली. या सर्व काळात डॉरथीबाईंनी नवऱ्याचा संसार निमूटपणे केला. १७८७ साली त्यांनी नवऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्या आळशी किंवा भांडखोर होत्या असे म्हणण्यास काही आधार नाही.

१७९२ साली केरींनी परदेशांत सुवार्ता सांगण्याविषयी आपले प्रसिद्ध पुस्तक छापले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनची स्थापना झाली. पुढील जानेवारीत केरींनी डॉक्टर जॉन टॉमस यांजबरोबर हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले. ठरविले, असे आम्ही लिहितो. कारण ज्या बाईला घर सोडावयाचे होते तिच्याशी विचार करून तो ठराव झाला असे दिसत नाही. तिच्या पदरी तीन लहान मुले होती व चौथ्याचे दिवस भरत आले होते. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यामुळे समुद्राची वाट धोक्याची होती. तिने येत नाही असे स्पष्ट सांगितले. तेव्हा केरी थोरला मुलगा फेलिक्स यास घेऊन एकटेच निघाले, व बायको आणि बाकीची मुले मागे राहिली.

पुढे जे घडले त्यात पुष्कळांनी केवळ देवाचा हात पाहिला आहे. कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे व टॉमस यांच्या देण्यामुळे दोघांना जहाजावरून उतरावे लागले. दरम्यान मे महिन्यात डॉरथीबाई प्रसूत होऊन जेबेझ या मुलाचा जन्म झाला होता. दोघे पुरुष परत घरी आले व बरोबर येण्याविषयी त्यांनी पुन्हा विनवले. त्यांनी पुन्हा नकार दिला. दोघे निघाले; परंतु टॉमस वाटेतून एकटे परतले व बाईंना म्हणाले की, आता आला नाहीत तर जन्मभर पस्तावाल. या भयाने त्या बाईचे मन मोडले. बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, असे त्यांनी कबूल केले. घाईघाईने सामान विकून, महिन्या-दीड महिन्याचे तान्हे मूल पोटाशी धरून त्या १३ जून १७९३ रोजी डेन्मार्कच्या एका जहाजात चढल्या.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. भीती घालून मिळविलेला होकार हा होकार होय काय? कागदोपत्री होय. परंतु संसाराचा गाडा कागदावर चालत नाही. अब्राहाम देश सोडून निघाला तेव्हा सारा त्याच्याबरोबर निघाली, हे आम्ही उपदेशात नेहमी सांगतो. साऱ्यांच्याच बायकांनी त्याप्रमाणे निघावे असे त्यावरून काढणे मात्र बरोबर नाही. केरींना जे बोलावणे ऐकू आले ते खरे होते, याविषयी आम्हांस संशय नाही. पण ते त्यांच्या पत्नीस ऐकू आले नव्हते. आणि तिला ते ऐकू येईपर्यंत थांबावे, निदान तिच्या भयाचे कारण नीट ऐकून घ्यावे, इतका धीर कोणीही दाखविला नाही.

नोव्हेंबरात जहाज बंगालला पोहोचले. टॉमस यांच्या हाती असलेले पैसे लवकरच संपले. परक्या मुलखात, परक्या हवेत, एका जागेवरून दुसऱ्या जागी असे हे कुटुंब भटकू लागले. डॉरथीबाई व फेलिक्स यांना आमांशाने गाठले. १७९४ च्या आरंभी ही मंडळी सुंदरबनातील देभट्टा येथे गेली. तेथे वाघांचे रान तोडून शेती करावी असा केरींचा बेत होता. इतक्यात माल्दाजवळ मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली, म्हणून नावेने शेकडो मैलांचा प्रवास करून तिकडे जाणे झाले. किटीने मात्र देभट्ट्यास ज्या इंग्रज गृहस्थांनी आश्रय दिला होता त्यांच्याशी पुढे लग्न केले. अशा रीतीने जिच्या भरवशावर डॉरथीबाईंनी समुद्र ओलांडला ती बहीणही दूर झाली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. केरी स्वतः दुखणाईत होते. जातीच्या भयामुळे मुलाची पेटी करण्यास, खाच खणण्यास व प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. आईबापांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना खेड्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांस सहज येईल.

त्यानंतर लवकरच डॉरथीबाईंच्या बुद्धीस भ्रंश झाला. नवरा परस्त्रीकडे जातो असा भ्रम त्यांना जडला. त्या त्यांच्या पाठोपाठ जात, चारचौघांत त्यांच्यावर आरोप करीत, कधी कधी जिवावरही उठत. १७९६ साली जोनाथन हा धाकटा मुलगा झाला. परंतु मन ताळ्यावर आले नाही. १० जानेवारी १८०० रोजी केरी श्रीरामपुरास राहण्यास आले, आणि मार्शमन व वॉर्ड यांच्या सोबतीने तेथील प्रख्यात काम सुरू झाले. एका खोलीत पंडितांसह भाषांतर चालले असता शेजारच्या खोलीत कोंडून ठेवलेली पत्नी आक्रोश करीत असे. बंगाली नवा करार १८०१ साली अशा घरातून निघाला. मुलांची आबाळ झाली. मार्शमनबाईंनी त्यांना माया लावली म्हणून ती मार्गास लागली. ८ डिसेंबर १८०७ रोजी डॉरथीबाईंची या दुःखातून सुटका झाली. सुमारे बारा वर्षे ही स्थिती होती.

या बारा वर्षांविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली केरींच्या बाजूची. त्यांनी बायकोला टाकले नाही, वेड्यांच्या इस्पितळात पाठवून मोकळे झाले नाहीत, व तिच्याविषयी कडू शब्द पसरविले नाहीत. मने जुळली नव्हती, सहवासाचे सुख उरले नव्हते, तरी देवासमोर दिलेले वचन त्यांनी मोडले नाही. दुसरी गोष्ट डॉरथीबाईंच्या बाजूची. त्यांना झाला तो रोग होता. जुन्या काळच्या पुष्कळ लेखकांनी त्यांना थोर पुरुषाच्या मार्गातील धोंड म्हणून रंगविले. हा अन्याय होय. तीन लेकरांचा मृत्यू, वर्षभर पिच्छा न सोडणारा आमांश, दारिद्र्य, आणि मनाविरुद्ध झालेले देशांतर, इतका भार ज्यांच्यावर पडला त्यांचे मन खचले तर दोष कोणाला द्यावा? मनोविकारावर आज औषध आहे, व पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत त्याचे डॉक्टरही आहेत. कोणाच्या घरी बाईचे किंवा पुरुषाचे मन असे बिघडले तर त्यास भूतबाधा समजू नये व स्वभावाचा दुष्टपणाही समजू नये. आधी दवाखाना गाठावा.

आता दुसऱ्या संसाराकडे वळू. श्रीरामपूर त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. तेथे हवापालटासाठी शार्लट एमिलिया रूमोर नावाची एक बाई राहत असे. ती श्लेस्विग प्रांतातील एका मोठ्या सरदार घराण्यातील होती. तरुणपणी घरास लागलेल्या आगीत तिच्या प्रकृतीस असा धक्का बसला की, पुढे तिला चालणे फार कठीण झाले. ती केरींजवळ इंग्रजी शिकू लागली. आरंभी धर्माविषयी तिच्या मनात पुष्कळ शंका होत्या. त्या विचारपूर्वक फेडून घेऊन तिने १८०३ साली बाप्तिस्मा घेतला. मे १८०८ मध्ये केरींनी तिच्याशी विवाह केला. डॉरथीबाईंना जाऊन पाच महिनेच झाले होते. श्रीरामपूरच्या बंधुजनांस ही घाई आवडली नाही, व त्यांनी तसे बोलूनही दाखविले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे आम्हांस वाटत नाही.

तथापि हा संसार तेरा वर्षे अत्यंत सुखाने चालला. वरकरणी पाहता यात विजोडपणाच फार होता. एक विणकराचा मुलगा, दुसरी सरदाराची कन्या. एक इंग्रज, दुसरी परभाषिक. एक कामाने दणकट, दुसरी जन्माची रोगी. वय तेवढे सारखे. दोघांचाही जन्म १७६१ सालचा. मग जुळले ते काय? शार्लटबाईंना युरोपातील अनेक भाषा येत असत. त्या निरनिराळ्या भाषांतील शास्त्र वाचून एखादे वचन कोठे कसे उतरले आहे हे नवऱ्यास सांगत, आणि त्या ताडून पाहण्याचा भाषांतरास उपयोग होई. आपले घर त्यांनी मिशनच्या कामास दिले. केरी दर आठवड्यास नावेने कलकत्त्यास शिकविण्यास जात, तेव्हा दोघांमध्ये प्रेमाची पत्रे चालत. केरींचे काम हे त्यांच्यावर लादलेले ओझे नव्हते. त्या कामाची किंमत त्यांनी आधीच पारखली होती, आणि स्वतःच्या मनाने त्यात पाऊल टाकले होते. केरींनीही या बाईच्या दुखण्याला कधी अडचण मानले नाही. ३० मे १८२१ रोजी त्या वारल्या, तेव्हा केरी अगदी एकाकी झाले.

१८२२ साली त्यांनी तिसरा विवाह केला. ग्रेस ह्यूज या पंचेचाळीस वर्षांच्या विधवा होत्या. शार्लटबाईंची विद्वत्ता त्यांच्या ठायी नव्हती. परंतु पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात केरी नावेतून उतरताना पाय घसरून पडले व मांडीच्या सांध्यास मोठी इजा होऊन कित्येक महिने अंथरुणावर व कुबड्यांवर होते. जोडीला कडक ताप आला आणि जगण्याची आशा उरली नाही. त्या वेळी ग्रेसबाईंनी रात्रीचा दिवस करून त्यांची शुश्रूषा केली. ९ जून १८३४ रोजी केरींनी देह ठेवला तोपर्यंत त्या त्यांच्याजवळ होत्या, व पुढील वर्षी त्याही गेल्या. म्हातारपणी माणसास जी सोबत हवी असते ती ग्रंथांपेक्षा हातांनी अधिक दिली जाते, हे या तिसऱ्या संसारावरून दिसते.

आपल्या मृत्युपत्रात केरींनी लिहून ठेवले की, आपल्याला शार्लटबाईंच्या शेजारी पुरावे. त्यांचे मन कोठे विसावले होते हे त्यावरून समजते. डॉरथीबाईंची मातीही त्याच श्रीरामपुरात आहे. ज्या दिवशी आम्ही मंडळीत केरींची थोरवी गातो त्या दिवशी त्या बाईचेही नाव आदराने घ्यावे, असे आम्ही सुचवितो. केरींच्या कामाची किंमत तिनेही दिली, आणि ती तिला विचारून घेतली गेली नव्हती.

आता या हकीकतीवरून आपण काय शिकावे? उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला दिलेल्या सोबतिणीविषयी 'अनुरूप' असा शब्द आला आहे. अनुरूप म्हणजे सारखी, असे पुष्कळ जण समजतात, आणि मग घराणे, गाव, पैसा, रंग व शिक्षण यांचे माप लावत बसतात. केरींच्या पहिल्या संसारात हे सारखेपण पुष्कळ होते, आणि तो मोडला. दुसऱ्यात जवळजवळ काहीच नव्हते, आणि तो फुलला. तेव्हा अनुरूपता या बाहेरच्या गोष्टींत नाही, हे उघड आहे. जीवन कशासाठी खर्चावयाचे याविषयी दोघांचे एकमत, आणि तेही प्रत्येकाने आपखुशीने केलेले, यात ती मुख्यतः असते.

कोणी म्हणतील, पंचवीस वर्षांच्या त्या अशिक्षित मुलीला पुढे काय घडणार हे कसे कळावे? खरे आहे. स्वतः केरींनाही ते कळले नव्हते. लग्नाच्या वेळी जुळलेली मने जन्मभर आपोआप जुळलेली राहत नाहीत. माणूस वाढतो, बदलतो. एक पुढे जातो व दुसरा मागे राहतो. म्हणून अनुरूपता ही एकदा पाहून घेण्याची वस्तू नसून शेताप्रमाणे दरसाल राखण्याची आहे. पुढे गेलेल्याने मागे वळून हात दिला पाहिजे. नवरा रोज नवे शिकत असेल तर त्यातले थोडे संध्याकाळी घरी सांगावे; बायको काही शिकत असेल तर नवऱ्याने ते कौतुकाने ऐकावे. बदलीचा, नव्या नोकरीचा किंवा सेवेचा विचार मनात आला तर तो कमिटीत मांडण्यापूर्वी घरात मांडावा. घरातून नाही असे उत्तर आले तर ते अविश्वासाचे चिन्ह समजू नये. त्यामागचे भय कोणते ते विचारावे. उपदेशकांनी व पाळकांनी हे विशेष ध्यानात धरावे, कारण सेवेच्या नावाखाली घरच्या माणसांचा आवाज दाबणे आपणांस फार सोपे जाते.

आईबापांनाही आमची विनंती आहे. मुलीचा होकार घेताना तिच्याभोवती चारपाच वडील माणसे बसवून, पस्तावशील असे भय दाखवून तो घेऊ नये. तिला एकटीला, निवांतपणे, दोनदा विचारावे. मुलालाही तसेच विचारावे. टॉमस यांचे ते वाक्य एका क्षणाचे होते, पण त्याचे परिणाम एका बाईने चौदा वर्षे भोगले.

आणि ज्यांचे लग्न झाले आहे, पण मने जुळली नाहीत, अशांनी काय करावे? त्यांनी केरींच्या बारा वर्षांकडे पाहावे. वचन पाळणे हे प्रेमाचे शेवटचे टोक नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घरात वचन पाळले जाते तेथे प्रेमाला परत येण्यास दार उघडे राहते. जेथे मारहाण किंवा जिवाला धोका आहे तेथील गोष्ट निराळी. तेथे आधी जीव वाचवावा व मंडळीने मदतीस धावावे. परंतु पुष्कळ घरांत इतके काही नसते. अबोला असतो, थकवा असतो, आणि बरीच वर्षे न विचारलेला एखादा प्रश्न असतो. तो प्रश्न या आठवड्यात एकमेकांस विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत धीराने ऐकत बसावे.